तू तं घरचाच हायेस!

दोष बारापात्रे सरांचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे 'पण त्यांचा हेतू चांगला होता' वगैरे ज्यांना म्हणायचं असेल त्यांना इथेच थांबता येईल. थोडा दोष माझ्या बापाचा, कारण मला हात धरून सरांकडे नेलं ते त्यांनीच. माझा दोष किती, ते सांगायला अख्खा मोहल्ला बसलेला आहे. त्यांना दुसरं काम काय आहे?

सर एक मंच चालवतात. मंचाचं नाव सांगत नाही. एक तर भांडण नको, आणि दुसरं म्हणजे आधीचं बदलून हे नवं नाव मीच सुचवलं होतं. आता आठवलं तरी लाज वाटते. नागपुरात इतवारीत एका भांड्यांच्या दुकानावर हॉल आहे. तिथे दर रविवारी सकाळी सात वाजता तरुणांना तीन गोष्टी शिकवल्या जातात : नेतृत्व, चिकाटी आणि कृतज्ञता. मी तिथे गेलो तेव्हा मेकॅनिकल डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होतो. चार वर्षं राहिलो.

मंग्या माझ्याआधीपासून तिथे होता. माइक आणि प्रोजेक्टर त्याच्याकडे. आजही आम्ही टपरीवर भेटलो की तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून होईपर्यंत एक किस्सा होतो, आणि तो तोंडात टाकेपर्यंत दुसरा आठवतो. कोणता आधी घडला, कोणता नंतर, यावर आता भांडणं होतात.

"एवढे किस्से जमा केले बे आपण," मंग्या परवा म्हणाला, "तेवढे मार्क जमा केले असते तं दोघंही पास झालो असतो!"

*

बाबा मिहानमधल्या एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटी गार्ड आहेत. त्याआधी वीस वर्षं हातमाग चालवला. आमच्या तांडापेठेत तेव्हा घराघरांतून खटखट यायची. आता टीव्हीचा आवाज येतो. आमच्या मागाच्या लाकडाचा दिवाण केला. मी त्यावर झोपतो.

कंपनीत एकदा सरांचं भाषण ठेवलं होतं. बाबांची ड्यूटी नेमकी हॉलच्या दारात. घरी आले ते बूट न काढताच सांगायला लागले.

"प्रणय, माणूस दीड घंटा बोलला गा! अन् हातात कागद नाही!"

बाबांच्या पिढीचा हाच प्रॉब्लेम आहे. कागद न बघता कोणी दीड तास बोललं की हे लोक त्याला पोटचं पोर नेऊन देतात.

बाबांची इच्छा एकच. ज्या गेटवर उभं राहून ते दुसऱ्यांची कार्डं बघतात, त्या गेटमधून मी गळ्यात कार्ड घालून आत जावं. "सर्वांले सॅल्यूट मारतो मी," ते म्हणायचे. "तुले कडक मारन." हे आठवड्यातून दोनदा तरी. डिप्लोमा झाला की कार्ड, इतका सरळ हिशोब.

पुढच्याच रविवारी त्यांनी मला सरांसमोर उभं केलं.

"काय येतं तुला?" सरांनी विचारलं.

"काहीच नाही येत सर त्याले," बाबांनीच उत्तर दिलं.

"उत्तम! रिकामं भांडं!" सर म्हणाले, आणि त्याच क्षणी खाली हातगाडीवरून स्टीलच्या डब्यांची अख्खी चळत रस्त्यावर कोसळली.

बाबांना तो शुभशकुन वाटला.

सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बाळ, आजपासून तू बाहेरचा नाहीस. तू घरचा!"

बाबांचे डोळे भरून आले. त्या दिवशी आणखी अकरा पोट्टे नवीन आले होते. त्यांना सरांनी बसायला खुर्च्या दिल्या. घरच्याला त्या लावायला दिल्या!

*

सरांची एक खासियत सांगायलाच पाहिजे. माइक चालू असला की त्यांची मराठी एकदम छापील. माइक बंद झाला की थेट आपली. मंग्या म्हणायचा, सरांचा स्विच माह्याच हातात हाय.

एका रविवारी सर नेतृत्वावर बोलत होते. "लक्षात ठेवा मित्रांनो, नेता स्वतः खुर्चीवर बसत नाही. तो इतरांना खुर्ची देतो!"

मागच्या रांगेतला एक नवा पोरगा हात वर करून उभा राहिला. "सर, पण तुम्ही तं बसून हायात."

सर हसले. "मी नेता नाही, बाळ. मी मार्गदर्शक आहे."

टाळ्या! मग मंग्याकडे बघून त्यांनी माइक बंद करायची खूण केली आणि मला हळूच विचारलं, "कोण हाय गा हा? पुढच्या खेपेले याले खुर्च्या उचलाले लाव."

*

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आलं की नागपुरातला प्रत्येक मंच पाहुण्यांच्या शिकारीला निघतो. आमदार पुण्या-मुंबईहून स्वतःच्या पायांनी चालत आलेले असतात, फक्त धरायचे असतात. सरांनी मला पत्रिका घेऊन आमदार निवासाच्या बाहेर उभं केलं.

"किती दिवस, सर?"

"चिकाटीला दिवस नसतात."

मी तेव्हा तिसऱ्या वर्षाला होतो. कॉलेजात सबमिशन सुरू होतं. मी सहा दिवस फुटपाथवर होतो. गाड्या यायच्या, काचा वर असायच्या, मी पत्रिका दाखवायचो, गाड्या जायच्या. माझ्या शेजारी पांढऱ्या शुभ्र कपड्यांतले एक गृहस्थ असायचे. उंच, भारदस्त, हातात फाईल. आजूबाजूचे लोक वाकून नमस्कार करायचे. सहाव्या दिवशी मी हिंमत केली.

"साहेब, आमच्या कार्यक्रमाले याल का?"

साहेबांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "मी?"

"हाव साहेब."

"येतो न," ते म्हणाले. माझी पत्रिका त्यांनी फाईलमध्ये नीट ठेवली.

रविवारी साहेब वेळेच्या आधी आले. आमदार आणि वेळेच्या आधी! तिथेच ओळखायला पाहिजे होतं. सरांनी हार घातला, शाल घातली, नारळ दिला. साहेब उठले आणि बोलले. दारात उभं राहणं म्हणजे काय असतं, यावर बोलले. आत जाणारा माणूस बाहेर उभ्या असलेल्याकडे बघत नाही, तेव्हा उभ्या असलेल्यानं कुठे बघायचं, यावर बोलले. मंचावर झालेलं ते सगळ्यात चांगलं भाषण. दोन पोरी रडल्या. सरांनी वहीत मुद्दे उतरवून घेतले.

चहा पिताना सरांनी विचारलं, "साहेब, आपला मतदारसंघ कोणता?"

"मतदारसंघ?" गृहस्थ म्हणाले. "मी सावनेरचा. शेती हाय. पोरीच्या बदलीचा अर्ज घेऊन आलो होतो. सात दिवस झाले, कोणी भेटून नाही राहिलं. तुमचा पोरगाच काय तो बोलला माह्याशी."

सरांनी शाल परत मागितली.

त्या सेमिस्टरला माझे दोन पेपर राहिले.

*

शालीचंही सांगतो. मंचाकडे शाल एकच होती. लाल, जरीच्या काठाची. खरा पाहुणा असेल तर तो ती घेऊन जायचा आणि मग नवी यायची. पण खरे पाहुणे येत नव्हते. जे यायचे ते कोणी सरांचे साडू, कोणी जुने सहकारी, कोणी गल्लीतले डॉक्टर. असा माणूस जिन्यापर्यंत पोचला की सर त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे. "तुमी तं घरचेच!" एवढं म्हटलं की माणूस बिचारा स्वतःच शाल काढून द्यायचा. त्याला वाटायचं मान मिळाला. मंचावर 'बाहेरचा' असण्यात फायदा होता, हे मला कळायला दोन वर्षं लागली.

नारळाचंही तेच. एक नारळ तर दिवाळीपासून होळीपर्यंत सत्कार करत फिरला. शेवटी गल्लीतल्या डॉक्टरांनी स्टेजवरच तो कानाजवळ नेऊन हलवला.

"बारापात्रे, यात पाणी नाही हो."

सरांनी माइक पुढे ओढला. "डॉक्टरसाहेबांची निदान करण्याची सवय बघा!"

टाळ्या!

*

सरांचा एक मुलगा आहे, माझ्याच वयाचा. चार वर्षांत तो एकदाही मंचावर आला नाही. सुरुवातीला आम्ही विचारायचो.

"त्याची परीक्षा आहे," सर म्हणायचे.

पावसाळ्यात परीक्षा, हिवाळ्यात परीक्षा, शिबिर असलं की परीक्षा. चार वर्षं त्या पोराची परीक्षाच चालू होती. मग एक दिवस सरांनी पेढे वाटले. पोराला पुण्यात मोठ्या कंपनीत नोकरी लागली होती. सर माइकवर म्हणाले, "हे सगळं चिकाटीचं फळ आहे!"

मी मंग्याला म्हटलं, "आपण घरचे, मंग तो कोण बे?"

मंग्यानं पेढा तोंडात टाकला. "तो खरा घरचा. म्हणून घरी बसून अभ्यास करून राहिला होता!"

*

कृतज्ञतेच्या रविवारी सरांनी सगळ्यांना गृहपाठ दिला : आज घरी जाऊन आईवडिलांचे पाय धुवायचे, आणि फोटो ग्रुपवर टाकायचा.

मी परात घेऊन स्वयंपाकघरात गेलो. आई भाकरी थापत होती.

"आई, पाय दे."

तिचा हात थांबला. "काहून? काय केलं तू?"

"काहीच नाही. धुवाचे हायेत."

"कोणाले मारलं का? गाडी ठोकली? खरं सांग गा, तुहे बाबा यायच्या आत सांग!"

"आई, कृतज्ञता आहे ही."

"कोण हाय थे?"

मी समजावलं. सरांनी सांगितलंय, आईवडिलांचे उपकार, वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, "पेपर किती राहिले तुहे?"

"दोन."

"मंग पाय नको धुऊ. पेपर दे."

फोटो पाहिजे होता म्हणून मी परातीत स्वतःचेच पाय बुडवून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. सरांनी खाली लिहिलं, 'धन्य ती माउली!'

*

मला आभार प्रदर्शनाचं काम मिळालं, ते माझा आवाज चांगला म्हणून नाही. आधी आभार मानणारा पोरगा एकदा भांडेवाल्या शेठचं नाव विसरला. हॉल शेठचा. पुढच्या रविवारी आम्ही आलो तर हॉलची लाइट बंद. सर मेणबत्ती लावून 'अंधारातला नेता' या विषयावर बोलले आणि त्या पोराला काढलं. मी आलो. चाळीस नावं, क्रमानं, पाठ. आजही झोपेतून उठवलं तरी सांगेन. थर्मल इंजिनिअरिंगचा एक फॉर्म्युला येत नाही, पण शेठच्या तिन्ही भावांची नावं वयाच्या क्रमानं येतात.

यादी सरच लिहून द्यायचे आणि यादीच्या खाली एक नियम असायचा : घरच्यांचे आभार मानायचे नाहीत. आभार मानले की माणूस परका होतो म्हणे! त्यामुळे खुर्च्या लावणाऱ्याचे नाहीत, माइकवाल्याचे नाहीत, आणि वर्षाताईचे तर कधीच नाहीत.

वर्षाताई सूत्रसंचालन करायची. माझ्या आधी तीन वर्षांपासून. एका शाळेत शिक्षिका होती, तीही पर्मनंट नाही. पत्रिका तीच लिहायची, पाहुण्यांचे परिचय तीच लिहायची, सरांचं पुस्तकसुद्धा तिनंच लिहून काढलं. पुस्तकाच्या पहिल्या पानावर सरांनी आभार मानले ते परमेश्वराचे, प्रेसवाल्याचे आणि 'अनेक ज्ञात-अज्ञात हातांचे'.

"ताई, तुहे हात ज्ञात का अज्ञात?" मंग्यानं तिला विचारलं होतं.

"दुखणारे," ती म्हणाली.

मग एका रविवारी कार्यक्रम संपला, माझे आभार वाचून झाले आणि लोक उठायला लागले. तेवढ्यात वर्षाताईनं माझ्या हातातून माइक घेतला.

"एक नाव राहिलं," ती म्हणाली. "या मंचाचं सूत्रसंचालन सात वर्षं करणाऱ्या वर्षाचे मी मनापासून आभार मानते. ती होती म्हणून मी आज इथे उभी आहे. ती आता येणार नाही."

माइक तिनं टेबलावर नीट ठेवला. वायर गुंडाळली. पर्स घेतली आणि जिना उतरून गेली.

मग सर उठले. "ताईंची विनोदबुद्धी! काय म्हणता?"

टाळ्या!

आणि मीही वाजवल्या. तेव्हा तिच्या मागोमाग जिना उतरलो असतो तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती. पण माझ्या हातात टाळ्या होत्या.

मोठ्या माणसांबद्दल मला आता एकच कळतं. ती आपल्याला चिकाटी शिकवतात, कारण आपण उभे राहिलो की त्यांना बसता येतं. बाबा गेटवर अकरा वर्षं उभे आहेत. त्यांना चिकाटी सांगायला दर वर्षी कोणी ना कोणी येतं. स्टूल कोणी दिलं नाही.

*

आता शेवटचा. हा किस्सा मंग्या टपरीवर कधीच सुरू करत नाही. मीही नाही.

उन्हाळ्यात दोनपैकी एक पेपर निघाला. राहिला थर्मल. कॉलेजातून स्पष्ट सांगितलं होतं की अभ्यासक्रम बदलतोय, जुन्या अभ्यासक्रमाची ही हिवाळ्यातली परीक्षा शेवटची. यानंतर तो पेपरच निघणार नाही. या वेळी मी खरंच अभ्यास केला. दिवाणावर बसून दीड महिना. आई रोज सकाळी बघायची आणि काही न बोलता चहा ठेवून जायची.

पेपर गुरुवारी, दोन ते पाच.

मंगळवारी सरांचा फोन. मंचाचा वार्षिक सोहळा गुरुवारी ठरला होता, कारण या खेपेस खरे आमदार मिळाले होते आणि त्यांना गुरुवारीच वेळ होता.

"सर, माझा पेपर आहे."

"अरे, ऐकून तं घे. या वर्षीचा चिकाटी सन्मान कोणाले देऊन राहिलो, माहीत हाय?" सर थांबले. "तुह्या बाबांले. मी त्यांच्याशी बोललो. रडले गा फोनवर."

मी समोरचं थर्मलचं पुस्तक मिटलं.

"पेपर दर सहा महिन्यांनी येतो," सर म्हणाले. "बापाचा सत्कार आयुष्यात एकदा. अन् आभार तुह्याशिवाय कोण मानन? चाळीस नावं कोणाले पाठ हायेत? तू तं घरचाच हायेस!"

हा पेपर पुन्हा येणार नाही, हे मी सरांना सांगितलं. दोनदा सांगितलं. "दीड वाजेपर्यंत मोकळा करतो तुले," सर म्हणाले. "शब्द."

बाबा दोन दिवस हवेत होते. गेटवरच्या सगळ्यांना सांगून झालं होतं. पेपर कोणत्या दिवशी आहे हे त्यांना नेमकं माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं असतं तर ते सत्काराला गेले नसते. गुरुवारी ते रात्रपाळी करून परस्पर हॉलवर येणार होते. सकाळी आईनं माझ्या हातावर दही-साखर ठेवली.

"दोनले हाय न?"

"हाव."

"नीट लिहजो."

मी इतवारीला गेलो. हॉलतिकीट खिशात होतं. खुर्च्या लावल्या.

आमदार साडेबाराला येणार होते. ते पावणेदोनला आले. बाबा पहिल्या रांगेत, गार्डच्याच कपड्यांत, कारण त्यांच्याकडे तोच एक इस्त्रीचा जोड होता. सरांनी त्यांना मंचावर बोलावलं. हॉलमधल्या भिंतीवर शेठनं दिलेलं घड्याळ आहे, मोठं, दुकानाच्या नावाचं. त्यात दोन वाजले तेव्हा सर बोलत होते.

"या माणसाचा हातमाग बंद पडला. पण हा माणूस बंद पडला नाही! उन्हापावसात गेटवर उभं राहून यानं मुलाला शिकवलं. आज तो मुलगा इंजिनिअर होण्याच्या उंबरठ्यावर उभा आहे!"

टाळ्या. आमदारांनी बाबांना शाल घातली. बाबांनी आमदारांना कडक सॅल्यूट मारला.

मी माइकच्या बाजूला उभा होतो. मंग्यानं माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि ओठ न हलवता म्हणाला, "पळ बे. अर्ध्या घंट्यापर्यंत आत घेतात."

मी सरांकडे बघितलं. सरांनी बोटानं यादी दाखवली.

आमदार पन्नास मिनिटं बोलले. मग मी चाळीस नावं वाचली, क्रमानं. एकही चुकलं नाही. बाबांचं नाव त्यात नव्हतं. ते घरचे.

आमदार गेले, शेठ गेले, लोक खाली आलुबोंडे खायला गेले. बाबा पहिल्या रांगेतच बसून होते, शाल अंगावर. सर त्यांच्याजवळ आले. खांद्यावर हात ठेवला.

"श्रावणभाऊ, शाल तेवढी राहू द्या इकडे. तुमी तं घरचेच!"

बाबांना आधी कळलंच नाही. मग कळलं. "हाव, हाव," म्हणत त्यांनी घाईघाईनं शाल काढली. घडी घालायला लागले, काठाला काठ लावून, मागावर काम केलेला माणूस घालतो तशी. घालता घालता थांबले. काठावरून अंगठा फिरवला.

"सर, इथं धागा सुटून राहिला. दोन-चार खेपेत सर्व काठ निघून येईन. बांधून देऊ का?"

"वा! द्या न," सर म्हणाले, आणि खाली गेले.

बाबांनी मंग्याकडून सुई मागवली. खालच्या शिंप्याकडून लाल दोरा आणला. शाल मांडीवर घेतली, चष्मा लावला आणि काठ बांधत बसले. एक एक धागा. मी खुर्च्यांच्या चळती लावत होतो. मला त्या वेळी सरांपेक्षा त्यांचाच राग जास्त येत होता. किती तरी वेळ ते मान वर न करता बोटं चालवत राहिले. त्यांचा चेहरा इतका निवांत मी मागाचा दिवाण झाल्यापासून बघितला नव्हता.

"तुही माय म्हणत होती, तुहा पेपर हाय म्हणून," ते मधेच म्हणाले. "कधी हाय गा?"

मी घड्याळाकडे बघितलं. पावणेपाच.

"झाला," मी म्हटलं.

"बरा गेला न?"

"हाव."

"मंग आता कार्ड भेटन," बाबा म्हणाले, आणि दातानं दोरा तोडला.

मला डिप्लोमा मिळाला नाही.